घरघर कोणाची

मी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बोलतोय. बास गिटारचा. खरं तर माझ्या जातीने स्वतःचं असं काही बोलायचं नसतं. दुसऱ्याने तार छेडायची आणि ती मांडवाच्या टोकापर्यंत पोचेल एवढी आम्ही मोठी करायची, एवढंच काम. आम्ही आपणहून आवाज केला की त्याला बिघाड म्हणतात. तेव्हा मी आता जे सांगणार आहे त्यालाही कोणी बिघाड म्हटलं तर मला नवल वाटणार नाही. पण सांगणं भाग आहे, कारण आमच्या घरात सध्या सगळेच समजूतदारपणे गप्प बसलेत.

माझ्या कपाळावर पितळी अक्षरांत इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे. ते गाव मी पाहिलेलं नाही. माझा जन्म ग्रँट रोडला, एका माडीवर झाला. तिथे एक गृहस्थ रेडिओ दुरुस्त करायचे. कुठल्याशा हॉटेलातल्या बँडने आपला विलायती ॲम्प्लिफायर त्यांच्याकडे टाकला होता. त्यांनी तो उघडला, आतली रचना बघून घेतली आणि जे समजलं ते तसंच, जे समजलं नाही ते आपल्या मनाने, असा मला बांधला. ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळलेला, पेटी सागाची, वजन असं की उचलणाऱ्याच्या तोंडून देवाचं नाव यावं. पितळी अक्षरं सगळ्यात शेवटी लावली. ती लावल्याबरोबर लोक मला हळू हात लावू लागले. माणसं आधी नाव वाचतात आणि मग ऐकतात, हे मला तेव्हाच कळलं.

वसईच्या भुईगावातल्या ऑगस्टीन डाबरेने मला घरी आणलं तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. घरची वाडी होती, केळी आणि सोनचाफ्याची. पण त्याचा जीव गिटारच्या जाड तारांत. त्यांचा तिघांचा बँड होता. गावातला रुडॉल्फ गायचा, ऑगस्टीन बास वाजवायचा आणि शेजारच्या वाडीतला दिवाकर राऊत ड्रमवर. दिवाकर हिंदू वाडवळांचा, चर्चमधलं गाणं त्याने कधी म्हटलेलं नाही. पण कुठल्या गाण्यात नवरा-नवरी थकतात आणि ताल कुठे सोडून द्यायचा हे त्याला बरोबर कळायचं. अर्नाळ्यापासून पापडीपर्यंत आम्ही लग्नं वाजवली. ऑगस्टीनची उभं राहायची जागा ठरलेली असे. उजव्या हाताला मी आणि डाव्या हाताला, कानाला लागूनच, दिवाकरच्या ड्रमच्या पितळी थाळ्या.

बास कोणाला ऐकू येत नाही असं लोक म्हणतात. ती बंद पडली की मात्र सगळे मागे वळून बघतात.

पुढे डीजे आले. एक माणूस, एक लॅपटॉप, आणि भिंती हादरवणारे काळे खोके. आम्हाला बोलावणं येईनासं झालं. ऑगस्टीनने मला मागच्या खोलीत नेऊन ठेवलं, जिथे केळीचे घड पिकत घालतात. नाताळात तेवढा मला बाहेर काढत. माझ्यावर चादर टाकून गोठा मांडत. बाळ येशू, मेंढरं, राजे, सगळे माझ्या डोक्यावर. वर्षातून एकदा एवढा मान मिळायचा आणि त्या वेळी माझा आवाज नसणं हीच माझी लायकी समजली जायची.

मागच्या खोलीची भिंत दिवाकरच्या वाडीला लागून. पलीकडेच त्याची पाण्याची मोटर होती. बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी ती केळींना द्यायची. या भिंतीला टेकून असल्यामुळे पुढचं भांडण मी अगदी जवळून ऐकलं.

"दिवाकर, तुझी मोटर बंद कर रे. दिवसभर डोक्यात घूं घूं चालू असतं."

"बंदच आहे. ये, हात लावून बघ."

"मग आत्ता कसला आवाज येतोय?"

दिवाकरने थोडं थांबून कान दिला. "कावळ्याचा," तो म्हणाला.

मोटर बंद होती. कावळा होता. साक्षीदार मी एकटा, आणि मला कोणी विचारलं नाही.

तरी दिवाकरने मित्राखातर मोटर उचलून वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला बसवली. ऑगस्टीनचं म्हणणं पडलं की आता तर आवाज जास्तच येतो. प्रकरण महापालिकेत गेलं. तिथून एक माणूस आला, थंडगार मोटरीवर हात ठेवून उभा राहिला आणि निघून गेला. त्यानंतर दिवाकरने दोन वाड्यांमधल्या कुंपणातल्या फटीला तारेची जाळी ठोकली. त्याच फटीतून दिवाळीचं ताट इकडे यायचं आणि नाताळचं तिकडे जायचं. दोघांच्या बायका, इकडची फिलोमिना आणि तिकडची मनोरमा, बाजारात भेटून बोलत. पुरुषांनी मात्र बोलणं टाकलं ते टाकलंच. आयुष्यभर एका तालात वाजवलेली दोन माणसं एका मोटरीवरून वेगळी झाली, आणि ती मोटर बिचारी चालूही नव्हती.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी रुडॉल्फ आला. त्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. स्वतःच्या लग्नात तो स्वतःच गायला होता, वाजवणारेही हेच दोघं होते. आता अंगणात तसाच मांडव घालायचा आणि तीच गाणी म्हणायची असं त्याच्या मनात होतं.

"दिवाकर येणार असेल तर मी नाही," ऑगस्टीन म्हणाला.

"तो पण हेच म्हणाला," रुडॉल्फ म्हणाला. "म्हणजे निदान याच्यावर तरी तुमचं एकमत आहे. मी दोघांनाही धरतोय." आणि चहा पिऊन गेला.

ऑगस्टीनने मला बाहेर काढलं, पुसलं, पुढच्या खोलीत खिडकीजवळ ठेवलं आणि स्विच दाबला. माझा लाल दिवा केव्हाच गेला होता, पण आतले काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू तापले, आणि इतक्या वर्षांनी मला कंठ फुटला. त्यातून निघाली ती घरघर. जाड, सलग, खालच्या पट्टीतली. तेव्हाची ती घरघर माझीच होती, हे मी कबूल करतो. इतकी वर्षं केळ्यांच्या उबेत बसल्यावर दुसरं काय होणार?

दुरुस्तीला आले श्रीरंग सामंत. टेलिफोन खात्यातून निवृत्त, विरार पूर्वेला फ्लॅट, जुने रेडिओ जमवायचा नाद. त्यांनी माझी पाठ उघडली, झुरळं झटकली, आणि कुठेही बोट लावायच्या आधी माझ्या पोटातला साठलेला करंट एका तारेने उतरवला. बंद असलो तरी मी माणसाला फेकून देऊ शकतो, हे ठाऊक असलेला माणूस भेटला की मला बरं वाटतं.

मोबाइलवर त्यांनी माझ्या कपाळावरच्या नावाच्या विलायती ॲम्प्लिफायरचा, आतल्या तारांच्या जोडणीचा नकाशा शोधून काढला. मग बराच वेळ एकदा नकाशाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. नकाशात जिथे दोन तारा होत्या तिथे माझ्यात एक होती, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे माझ्यात एक रेडिओचा तुकडा होता.

"डाबरे साहेब," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "हा बनला त्या दिवशी इंग्लंडच्या कारखान्यात कोणीतरी वेगळाच माणूस कामावर असावा."

"असेल," ऑगस्टीन तितक्याच गंभीरपणे म्हणाला.

मग सामंतांनी नकाशा ठेवून दिला आणि डोकं चालवलं. पुढचा व्हॉल्व्ह काढला, घरघर तशीच. त्याच्या मागचा काढला, तरी तशीच. म्हणजे बिघाड गिटारच्या बाजूला नव्हता, विजेच्या बाजूला होता. तिथले मोठे कंडेन्सर सुकले होते. ते बदलले, नवे डाग दिले, स्विच दाबला. मी गप्प. इतका गप्प की स्वयंपाकघरात फिलोमिना सांदणं वाफवत होती त्या भांड्याचं झाकण ऐकू आलं.

सामंत हात पुसत हसले. ऑगस्टीन मान वाकडी करून ऐकत होता.

"आहे अजून," तो म्हणाला.

सामंतांनी माझ्या जाळीला कान लावला. "मला तर काही..."

"बारीक आहे. पण आहे."

तिथून माझे हाल सुरू झाले. सामंत पुन्हा पुन्हा यायचे. व्हॉल्व्ह बदलले, तारा बदलल्या, कर्ण्याच्या कागदाला ठिगळ लावलं. ट्यूबलाइट बंद करून बघितली. फ्रिज बंद करून बघितला, त्यात फिलोमिनाचे बोंबील वाया गेले. सोनचाफ्याच्या बुंध्याशी खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून घराला नवी अर्थिंग दिली. या घराची वीज आता वसईत सगळ्यात स्वच्छ असेल. प्रत्येक वेळी मी शांत असायचो, आणि प्रत्येक वेळी ऑगस्टीन म्हणायचा, "आहे अजून." मला ओरडून सांगावंसं वाटायचं की मी नाही रे, मी नाही. पण ओरडलो असतो तर तोच पुरावा झाला असता.

या घरात काय चाललंय ते फिलोमिनाला दिसत होतं. ती हाक मारायची तेव्हा ऑगस्टीन भलत्याच दिशेला बघायचा. टीव्ही एवढा मोठा लावायचा की रस्त्यावरच्यांना बातम्या कळायच्या. पण आयुष्यभर ज्याने कानावर भाकरी खाल्ली त्याला कानाबद्दल कोण बोलणार?

सामंत एकदा बरेच दिवस आलेच नाहीत. आले तेव्हा हातात हत्यारांची पेटी नव्हती. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले.

"मी कान तपासून आलो," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्ही एवढे मोठे वाजवणारे, तुम्हाला ऐकू येतंय आणि मला येत नाही, तर माझंच काहीतरी बिघडलं असेल. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत."



"म्हणजे माझे बिघडलेत?" ऑगस्टीनने विचारलं.

"तसं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हणालात? मी दुसऱ्या खोलीतून सांगू शकतो कुठली तार उतरलीय. तुम्हाला जमत नसेल तर जमत नाही म्हणा."

सामंत उठले. दारात चपला घालताना ते फिलोमिनाला एवढंच म्हणाले, "समजून घ्या वहिनी. मी रागावलेलो नाही." पण आवाज रागावलेला होता, असल्या बारकाव्यांत मी चुकत नाही.

त्या आठवड्यात ऑगस्टीनने रुडॉल्फला निरोप धाडला की ॲम्प्लिफायर गेला, दुसरा बघ. मला भंगारात द्यायचं ठरलं. अर्थात पितळी अक्षरं काढून ठेवून.

भंगारवाला यायच्या आदल्या दुपारी ऑगस्टीनला राहवलं नाही. तो गिटार घेऊन माझ्यासमोर बसला. वाजवायच्या आधी मला चालू करून नुसतं ऐकत बसायचं, ही त्याची आता सवयच झाली होती. त्याने स्विच दाबला आणि थांबला. फिलोमिना माझ्या मागच्या बाजूला कपडे घडी करत होती.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "आज तर फारच आहे. घूं घूं घूं. आणि तो सामंत म्हणतो शांत आहे."

फिलोमिनाने हातातली चादर ठेवली. ती माझ्या मागून पुढे आली. तिच्या हातात माझ्या वायरचा प्लग होता.

या घरात नवरा-बायको आपल्या बोलीत बोलतात, आणि दोन्हीकडून अरे-तुरेच चालतं. मी तुमच्यासाठी सरळ मराठीत सांगतो.

"मी मघाशीच काढला," ती म्हणाली. "तू बसायच्या आधी."

त्याने प्लगकडे बघितलं. माझ्या मागे वाकून भिंतीकडे बघितलं. माझ्या पेटीवर तळहात ठेवला. मी थंड होतो.

"मग हा कुठून येतोय?"

"मला नाही येत. सामंतांना नाही येत." तिने प्लग खाली ठेवला. "दिवाकरलाही नव्हता येत."

त्याने मांडीवरची गिटार खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "चर्चमध्ये मिस्साला फादर सगळ्यांना शांत बसायला सांगतात ना, तेव्हा पण येतो. मला वाटायचं पंख्याचा असेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

फिलोमिना त्याच्या शेजारी बसली. भंगारवाला आला तेव्हा तिने त्याला जुना मिक्सर दिला.

कानाच्या डॉक्टरकडे दोघं गेली. परत आल्यावर ऑगस्टीन घरात न येता पक्कड घेऊन सरळ कुंपणाकडे गेला. खिडकीतून मला दिसत होतं. त्याने जाळीची तार तोडायला सुरुवात केली तसा दिवाकर पलीकडून आला.

"काय करतोयस?"

"फिलूला सांदणं द्यायचीत मनोरमाला."

"मग रस्त्याने ये की."

"गार होतील."

दिवाकर उभा राहून बघत राहिला. मग जाऊन त्याने स्वतःची पक्कड आणली आणि दुसऱ्या बाजूने तोडू लागला. तार गंजलेली होती, दोघांनाही दम लागला.

"डॉक्टर काय म्हणाला?" दिवाकरने विचारलं. मनोरमाकडून त्याला सगळं आधीच कळलं होतं. बायकांचा बाजार कधी बंद नव्हता.

"म्हणाला, वर्षानुवर्षं मोठ्या आवाजाजवळ उभे राहिलात. आवाज बाहेर नाही, कानातच आहे. जाणार नाही. सवय करा. डावा जास्त गेलाय."

दिवाकरचा हात थांबला. "डावीकडे मी असायचो."

"हो."

"थाळ्या त्याच बाजूला होत्या."

"हो."

"म्हणजे आवाज माझाच होता."

"तेच तर मी तुला सांगत होतो," ऑगस्टीन म्हणाला.

आधी दिवाकर हसला. ऑगस्टीन हसला तो उशिरा, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. गंज उडतो डोळ्यांत, असं तो म्हणाला. एवढ्या वर्षांत एकमेकांची माफी त्यांनी मागितली असेल तर ती एवढीच. मला पुरेशी वाटली.

सामंतांना आणायला ऑगस्टीन स्वतः विरारला गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण रुडॉल्फच्या अंगणात मांडव पडला तेव्हा सामंत पहिल्या रांगेत होते, सफारी घालून, जणू परीक्षा त्यांचीच होती.

मोठा सोहळा झाला असं मी सांगणार नाही. दिवाकरचा ताल पळत होता. रुडॉल्फ दुसरं कडवं विसरला आणि पहिलंच पुन्हा म्हणाला. पाहुणे जेवणाच्या रांगेत बोलत होते. तरुण मंडळी डीजे केव्हा येणार विचारत होती. ऑगस्टीन या वेळी दिवाकरच्या दुसऱ्या बाजूला उभा होता आणि त्याने बूट काढून टाच माझ्या पेटीला टेकवली होती. खालचे सूर कानाने नाही लागले तर पायाने लागतात. त्याचा एकही सूर चुकला नाही. जाड तारेची थरथर माझ्या लाकडातून त्याच्या हाडात जात होती. एखाद्याने माझं बोलणं इतक्या जवळून ऐकावं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. फिलोमिना रुडॉल्फच्या बायकोबरोबर नाचली. मांडव उतरवताना कोणी वाहवा केली नाही, पण सामंतांनी माझ्यावर हलकेच थाप मारली.

तेव्हापासून मी पुढच्या खोलीतच आहे. संध्याकाळी दिवाकर एक छोटा ड्रम घेऊन कुंपणातल्या फटीतून येतो, तासभर वाजवतात, चहा पितात. इथे माझी गोष्ट संपायला हवी होती.

पण गेल्या काही दिवसांपासून मला पुन्हा घरघर लागली आहे. खरीखुरी. या वेळी मागचा एक व्हॉल्व्ह जातोय. त्याच्या वाट्याचा भार ट्रान्सफॉर्मरवर येतोय आणि तो तापतोय. तो जळला तर संपलं. हाताने गुंडाळणारे ते गृहस्थ आता नाहीत, आणि तसा दुसरा इंग्लंडातही मिळणार नाही.

ऑगस्टीनला हा आवाज येतो. मी बघतो ना, स्विच दाबला की त्याचा चेहरा उतरतो. त्याला वाटतं, कान आणखी गेला. तो कोणाला सांगत नाही. टाच माझ्या लाकडाला आणखी जोरात दाबतो आणि डोळे मिटून वाजवतो.

दिवाकरलाही येतो. परवा त्याने माझ्याकडे चमकून बघितलं. मग ऑगस्टीनकडे बघितलं आणि चहाचा कप तोंडाला लावला. या घरात घरघर हा विषय आपण काढायचा नाही, असं त्याने ठरवलंय. फिलोमिना तर त्याला स्वयंपाकघरात कुजबुजून म्हणाली, "त्याला कळलेलं दिसत नाही. कशाला पुन्हा आठवण करून द्यायची?" दिवाकरने मान डोलावली. जेव्हा मी निर्दोष होतो तेव्हा सगळ्या घराने माझी चिरफाड केली. आता मी दोषी आहे, तर सगळे प्रेमापोटी मला सोडून देत आहेत.

सामंत मुलाकडे पुण्याला गेलेत. रविवारी त्यांचा फोन येतो.

"कसा आहे आपला ॲम्प?"

"एकदम शांत," ऑगस्टीन सांगतो.

म्हणून तुम्हाला सांगतोय. कधी भुईगावात आलात आणि संध्याकाळी एखाद्या खिडकीतून जाड तारेचा सूर ऐकू आला, तर जरा थांबा. सुराच्या खाली दुसरी एक घरघर ऐकू येईल. आत जा. म्हाताऱ्याच्या उजव्या बाजूला उभे राहा, तो कान त्यातल्या त्यात बरा आहे. माझं काही सांगू नका. फक्त एवढं म्हणा, "ऑगस्टीनकाका, हा आवाज मलाही येतोय."